कोपरावरची शिवण

रविवारी केप्याच्या कोर्टात शूटिंग होतं.
दिग्दर्शक म्हणाला, तू वकील वाटत नाहीस.
नऊ वर्षं मी तिथेच उभी राहते,
एक पाय आखूड असलेल्या टेबलाशी.

मला साक्षीदार केलं :
तांबडं कुणबी लुगडं, खांद्यावर गाठ,
संवाद नाही. नुसतं बोट दाखवायचं.
कुणाकडे? कॅमेऱ्याच्या उजवीकडे.
तिथे भिंत होती.

माझा काळा गाऊन मात्र त्यांना चालला.
नायिकेला तोकडा पडला,
म्हणून तिने उलटतपासणी बसूनच घेतली.

कुडचड्याच्या थिएटरात आई पहिल्या रांगेत.
मी आले आणि गेले, तेव्हा ती
चण्याची पुडी सोडत होती.
शेवटच्या युक्तिवादात नायिकेने हात उचलला
आणि आई ओरडली, "गो, ती शिंवण म्हजी!"
निळ्या दोऱ्याची. काळा त्या दिवशी संपला होता.

आज पुन्हा तारीख.
सोयरू वेळीप विरुद्ध खाणवाले.
गाऊनला अजून कुणाच्या तरी अत्तराचा वास आहे.
मी बोट दाखवते. समोर माणूस आहे.
न्यायाधीश चष्म्यावरून बघतात :
बोट खाली घ्या, वकीलबाई.