घर ओढण्याचा दिवस

आमच्या चिलोए बेटावर माणसं कधीकधी
घर सोडून जात नाहीत, घरच घेऊन निघतात.
खाली ओंडके सारायचे, पुढे बैल जुंपायचे,
किनाऱ्याशी आणून भरतीच्या ओटीत टाकायचं
आणि होड्यांनी ओढत न्यायचं पलीकडच्या तीरावर.
गाव मजुरी घेत नाही. जेवण घेतं.
आईनं तीन दिवस बटाटे किसले होते.

बाबा, एलेउतेरियो बारिआ, छपरावर उभे.
खाली उतरून कुणाला काही विचारणं
त्यांच्या मानेला जमतच नसे.
वरून म्हणे सगळं दिसतं.
दोराची खालची बाजू तेवढी दिसत नाही.

आब्दोनमामा खाली, दोरावरून हात फिरवत.
चाळीस वर्षांचं मीठ मुरलेला हात.
एका जागी बोटं थांबली.
मी पाहिलं. आठ वर्षांची होते,
माझ्या उंचीला माणसांचे हातच दिसायचे.
पीळ तिथे मऊ पडला होता,
भिजल्या पावासारखा.

मामानं मान वर केली, तोंड उघडलं,
आणि स्वतःशीच भांडत बसला:
दोर कच्चा, की माझी बोटं?
मागे म्हणालो जाळं फाटेल, फाटलं नाही,
कितीतरी दिवस हसले सगळे.
आठ जोड्या बैल, साठ माणसं,
एवढ्यांना मी थांबवणार? मी कोण?

तोवर भरती आली.
भरतीला कुणाचं ठरायची वाट बघता येत नाही.
बाबांनी टोपी हलवली.

निघालं तेव्हा फार देखणं होतं ते, खोटं कशाला सांगू.
पाण्यावर आमचं स्वयंपाकघर,
खिडकीत लाल पडदा,
आणि छपरावर बाबा, जणू समुद्र त्यांनीच भरून आणला होता.

खाडीच्या मध्यावर दोर तुटला.
मोठा आवाज झाला नाही,
झोपेत कुणी कूस बदलावी, एवढाच.
घर वळलं, कललं,
आणि आईचं शिवणयंत्र
भिंतीतून बाहेर पडताना मी पाहिलं.

बाबांना होडीत ओढून घेतलं.
पुढे आयुष्यभर गावानं त्यांना शिव्या दिल्या, हक्कानं दिल्या.
ताठ्याला निदान तेवढं मिळतं.
मामाला कुणी काही बोललं नाही.
भला माणूस, म्हणाले, कुणाच्या अध्यात ना मध्यात.
तो रात्री उठून परक्यांच्या होड्यांच्या गाठी तपासायचा
आणि बाबा, तेच बाबा,
रश्श्यात मीठ टाकण्याआधी तीनदा विचारायचे,
टाकू ना?

दोघांत थोर पापी कोण, हे दारूच्या गुत्त्यावर
एर्सिलियाबाईच्या बाकांवर वर्षानुवर्षं चाललं.
मी ऐकत बसे.
थांबलेली बोटं मीही पाहिली होती,
हे मी तिथे कधी सांगितलं नाही.
आठ वर्षांचीच होते, असं म्हणते.
पण नंतर नऊ वर्षांची झाले, तीस वर्षांची झाले.

गेल्या उन्हाळ्यात ओसेआस काराकामोचं घर निघालं.
मी दोरावरून हात फिरवला.
एका जागी काहीतरी लागलं, किंवा लागल्यासारखं वाटलं.
म्हणाले, थांबा.
साठ माणसांनी माझ्याकडे पाहिलं.
पुन्हा म्हणाले, थांबा, आधीपेक्षा मोठ्यानं,
कारण पहिल्या वेळी माझाच विश्वास बसला नव्हता.

दोर उलगडून पाहिला. धडधाकट निघाला.
भरती गेली. बैल सोडले.
लोकांनी बटाटे गार खाल्ले, माझ्याकडे पाठ करून,
आणि ओसेआसची बायको मला म्हणाली,
आजी, तुम्हाला फार कळतं, नाही का?

घर दुसऱ्या दिवशी गेलं. तोच दोर.
मी किनाऱ्यावर उभी होते
ते पलीकडे टेकेपर्यंत,
आणि टेकल्यावरही थोडा वेळ,
ओली बोटं पदराशी पुसत,
एकमेकांवर घासून पाहत.