उभ्या गाडीचं ॲव्हरेज

आमची गाडी करडी, डिझेलची, नऊ वर्षांची.
हडर्सफील्डच्या चढावर दुसऱ्या गिअरमध्ये कण्हते,
उतारावर मात्र माहेरी निघाल्यासारखी.
डिकीत आठवड्याचं सामान मावतं, लेकीचा चेलो मावतो,
आणि कॉलिनच्या मते अजून एक कुटुंब.

कप्प्यात वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
टाकी भरली की तारीख, मैल, लिटर, पेन्स.
आबा वाशिमच्या एसटी डेपोत डिझेलचे कारकून होते,
दहा लिटरला किती किलोमीटर
यावरून ड्रायव्हरचा स्वभाव सांगायचे.
"हा क्लच दाबून जगतो," म्हणायचे कुणाबद्दल.
अजूनही फोनवर आधी ॲव्हरेज विचारतात,
मग नातीची चौकशी.
मी गॅलनचे लिटर, मैलांचे किलोमीटर करून सांगतो: साडेतेरा.
"बरी आहे," म्हणतात.
त्यांच्याकडून हे फार झालं.

खर्चाचं पान वेगळं.
विमा सहाशे चाळीस. रोड टॅक्स. एमओटी.
पुढचे दोन टायर, कॉलिननं ओळखीत बसवून दिले तरी एकशे नव्वद.
एक वायपर, जो मी स्वतः बसवला आणि जो अजून किरकिरतो.
गाडी एकदाच विकत घेतात, असं कोण म्हणतं?
आम्ही ती रोज थोडी थोडी घेतो.

ऑक्टोबरपर्यंत गॅलनला अडतीस होतं.
जानेवारीत साडेचौतीस.
थंडीचा दीड मैल मी मान्य केला,
थंडी आहे, तिचा हक्क आहे.
पण उरलेले दोन?
टायरमधली हवा पाहिली. छतावरचा रॅक काढून शेडमध्ये टाकला.
एअर फिल्टर बदलला.
कॉलिन टॉर्च घेऊन गाडीखाली झोपून आला, म्हणाला,
गळत काही नाही मित्रा, तुझं डोकं सोडून.
घर ते ओल्डम वीस मैल;
मोटरवे दुभंगून ज्या शेतघराला दोन्हीकडून वळसा घालतो
तिथला आडवा वारासुद्धा धरला हिशेबात.
ताळा बसेना.
आठवड्याला सव्वा लिटर कुठंतरी जात होतं.

मृण्मयी डाळ घोटत होती. मी वही पुढे धरली.
तिनं पाहिलंही नाही.
"ते मी जाळते," म्हणाली.

शिफ्ट संपली की हॉस्पिटलच्या कार पार्कात, तिसऱ्या मजल्यावर,
गाडी सुरू करते, हीटर लावते, आणि निघत नाही.
वीस मिनिटं. रेडिओ नाही. फोन नाही.
"काचेवर वाफ धरते. ती आपली आपण जाईपर्यंत बसते.
वॉर्ड तसाच घरी आणू का?"
मग कढल्यात मोहरी टाकली,
तडतडेपर्यंत दोघं गप्प.

सव्वा लिटर म्हणजे पावणेदोन पौंड.
मी पानं उलटत राहिलो, हे कुठं लिहायचं.
मैल शून्य, लिटर सव्वा:
आबांनी असा ड्रायव्हर चौकशीला उभा केला असता.
त्यांना सांगितलं, थंडी आहे, सव्वाबारा देते.
ते बराच वेळ बोलले नाहीत.
"सूनबाईला चालवू दे," म्हणाले मग,
"तिचा पाय हलका आहे."

गुरुवारी लेकीला चेलोच्या क्लासला सोडलं.
चर्चच्या काळ्या भिंतीलगत गाडी लावली
आणि किल्ली फिरवली नाही.
हीटरचा वारा गुडघ्यांवर. समोर कुणाचं तरी कचऱ्याचं पिंप.
चार मिनिटं जमलं.
मग हात आपसूक गेला.
इंजिन थांबलं, काच पुढून गार होत आली,
मी आत बसून होतो.