सांकेतिक ताबा

गेटवर कागद चिकटवून बँकेची माणसं गेली
तेव्हा मी मार्केट यार्डात हळद तोलत होतो.
शमशादभाभीचा फोन: 'घराला कायतरी डकवलंय.
फोटोबी काढून नेला.
आम्ही गॅलरीत होतो, आलो असू त्यात.'

रात्री मोबाईलच्या उजेडात वाचलं:
सर्वसाधारण जनतेस कळविण्यात येते की.
कर्जदार भूपाल नेमगोंडा मगदूम.
मिळकत शामरावनगर, तळमजला अधिक दोन.
पूर्वेस रस्ता, पश्चिमेस गटार,
उत्तरेस चौगुल्यांचा मोकळा प्लॉट, दक्षिणेस बोळ.
चारी बाजू मी चालून बघितल्या. बरोबर होत्या.
मधे कुणी राहत नव्हतं.

मधे तळाला आम्ही चौघं.
पहिल्यावर शमशादभाभी, तिची दम्याची सासू,
आणि मागच्या खोलीत जतच्या दोन पोरी, मिरजेला नर्सिंगला.
परवाच त्यांनी भिंतीत खिळा मारू का विचारलं
तर अण्णा म्हणाले, 'मारा की. घर काय रडतंय?'

पुराच्या साली आयर्विनचा आकडा तासातासाला कळायचा.
एक्केचाळीस. पंचेचाळीस. सिलिंडर माळ्यावर.
पन्नासला अण्णा स्वतः पाण्यात उतरले,
माझ्या आईला, तेव्हा होती ती,
पाठुंगळी घेऊन दोन जिने चढले.
आठवडाभर त्यांच्या हॉलमध्ये दहा-अकरा माणसं,
कांद्याशिवायची आमटी,
आणि भाभीच्या सासूनं पदराखालून आणलेली लसणाची चटणी,
जी अण्णांना दिसली नाही, वास आला तरी.

हप्ते चढत होते,
तो आकडा कुणी भोंग्यावरनं सांगितला नाही.
बेदाण्याच्या कोल्ड स्टोरेजमध्ये भागी, त्यासाठी घर तारण,
मग भागीदार फोन उचलेना.
हे सगळं आता कळतंय.
तेव्हा एवढंच, की दिवाळीत म्हणाले,
'तीन म्हैन्याचं आगाऊ दिलंस तर बरं हुईल.'
दिलं. तोलणाऱ्याचं लक्ष काट्यावर असतं,
समोरच्याच्या हाताकडं नाही.

बँकेतला साहेब चांगला होता. खुर्ची दिली.
म्हणाला, ताबा सध्या सांकेतिक आहे.
म्हणजे घर आमचं झालंय, तुम्ही अजून आत आहात इतकंच.
पुढं लिलाव. जसं आहे तसं, जिथं आहे तिथं.
मी विचारलं, आम्हाला धरून का सोडून?
तो हसला नाही.
कागदावर बोट फिरवून माझं नाव शोधलं. दोनदा.
चाळीस हजार डिपॉझिट आहे साहेब.
पावती?
पावती नाही. वही आहे.
अकरा वर्षांच्या एकशे बत्तीस सह्या,
शेवटच्या तीन एकाच दिवशी, एकाच पेनानं.
वही त्यानं उघडली नाही. नीट सरळ करून परत दिली.
म्हणाला, यापुढचं भाडं आमच्याकडं भरा, लेखी कळवतो.

जिन्यात काकी थांबल्या होत्या.
'उद्या पाच तारीख. ह्यांना मागायला लाज वाटती.
तू माझ्याकडं दे.'

पाकीट शर्टाच्या खिशात,
बोटं लागून पिवळं झालेलं.
पाचव्या पायरीवर पुराची रेघ आहे, तिथवर गेलो.
वर अण्णांचं दार, खाली गेट.
आत कुणीतरी हळू बोलत होतं. रेडिओही असेल.
परत आलो.

पहाटे पाचला नळाला पाणी आलं.
मोटर लागली. अण्णाच लावतात, सगळ्यांची, रोज.
टाकी भरली, मग वाहायला लागली,
भाभीच्या गॅलरीतनं आमच्या उंबऱ्यावर.
बटण त्यांच्या दाराबाहेर आहे.
चढलो, बंद केलं.
दार उघडंच होतं. अण्णा खुर्चीत बसलेले, अंधारात, चष्मा लावून.
'किती आलंय रे पाणी?'
'पायरीला लागलंय,' मी म्हटलं.
'मग वर या,' म्हणाले. 'सगळी वर या.'