गायधनींची टाकी

गाडी इतकी बुटकी, की आधी वाटलं
कोणीतरी लाल चप्पल विसरून गेलंय दुकानापुढे.
मग दार उघडलं, आणि गुडघ्यावर हात देत
हप्त्याहप्त्याने बाहेर आले गायधनी.
जेलरोड ते सातपूर. वाटेत तीनदा पेट्रोल.

"बिटकोला भरलं. द्वारकेला भरलं. त्र्यंबक नाक्याला तर
पोरगा हसला, काका, नव्वद रुपयांचंच बसलं.
पण काटा बघा."
काटा तळाशी टेकलेला,
शेजारी पिवळा दिवा.

प्रेसमध्ये छत्तीस वर्षं नोटा मोजल्या त्यांनी.
एक कागद कमी भरला, तर दारं बंद,
कोणी घरी जायचं नाही, पुन्हा पहिल्यापासून.
रिटायर झाले आणि ही घेतली, दोन सीटांची.
बायको म्हणाली, मला यात बसवू नका, मी उठणार नाही.

सीटमागून त्यांनी काठी काढली.
झाडूची दांडी, सुरीने खाचा पाडलेली,
पाच, दहा, पंधरा, अशी चाळीस लिटरपर्यंत,
खाचांशेजारी बॉलपेनने तारखा.
म्हटलं, काठी खोटं बोलत नाही,
पण सिग्नलला उतरून कोण बुडवणार?
"मी बुडवतो," म्हणाले.

वाहिद उस्ताद सांगायचे,
काट्यावर आधी आळ घेऊ नकोस, पोरी.
तो सांगकाम्या.
म्हणून डॅशबोर्डला हात न लावता मी मागे गेले,
शेजारच्या खैरनारला वेल्डिंग थांबवायला सांगितलं,
गालिचा उचलला, टाकीवरची वायर सोडवली,
लांब नेऊन बॉडीला टेकवली.
"चढला!" गायधनी आतून ओरडले. "फुल्ल! फुल्ल!"
सोडली की पडला.
तीनदा करायला लावलं मला.

म्हणजे काटा शहाणा. वायरही.
गडबड खाली, अंधारात.

सहा स्क्रू. सहाव्याने अर्धा तास खाल्ला.
मग बाहेर आला पत्र्याचा दांडा, टोकाला पितळी डबी,
बाळाच्या खुळखुळ्याएवढी.
दांडा बोटाने वर नेला, मीटरवर ओहम उतरत गेले,
दोनशे चाळीसवरून तेहेतीसवर, मध्ये कुठे खाडा नाही.
मग डबी कानाशी धरून हलवली.
खळ्ळ.
जिने तरंगायचं, तिच्याच पोटात पेट्रोल.

चहावाल्या निवृत्तीकडून
काचेच्या ग्लासात कढत पाणी मागवलं, डबी बुडवली.
जोडावरून एक बुडबुडा.
थांबून दुसरा.
मग माळच, मोहरीएवढ्या मण्यांची.
गायधनी चष्मा कपाळावर सारून वाकले,
बराच वेळ तसेच.
"एवढंसं भोक?"
म्हटलं, कितीही भरा, ही तळाशीच.
काटा हिचं ऐकतो, पेट्रोलचं नाही.

"म्हणजे दीड वर्ष," ते म्हणाले,
"भरल्या टाकीने मी घोटीच्या पुढे गेलो नाही."

डबी रिकामी केली. दोन तास उन्हात ठेवली,
फुंकली, हुंगली, पुन्हा ठेवली.
पेट्रोलचा मागमूस उरला नाही तेव्हा डाग दिला.
पुन्हा ग्लास.
पाणी गप्प.

संध्याकाळी काटा चढला, घाई न करता,
जेवून उठणाऱ्या माणसासारखा,
आणि फुल्लच्या जरा अलीकडे थांबला.
गायधनींनी तरी काठी बुडवलीच.
पस्तिसाची खाच ओली.
काठीकडे पाहिलं, काट्याकडे पाहिलं,
खिशातून बॉलपेन काढून तारीख घातली.

"सापुताऱ्याला किती लागेल?"
"जाऊन येऊन अर्धी टाकीसुद्धा नाही."
हसले नाहीत. पैसे दोनदा मोजून दिले,
हप्त्याहप्त्याने आत बसले,
काठी शेजारच्या सीटवर उभी केली
आणि तिला पट्टा लावला.

पपया नर्सरीच्या पुढे, पंपासमोर
ब्रेकचे दिवे लागले.
लागलेलेच राहिले.
मागून रिक्षाने हॉर्न दिला.
मग विझले.