माझी दार

केस क्रमांक चौदा.
पुरुष, वय त्रेपन्न, पोटाच्या वरच्या भागात जळजळ, पहाटेपासून.
पडद्यावर तो दर चार सेकंदांनी डोळे मिटतो,
इस्त्रीचा निळा शर्ट, एकसारखी कातरलेली मिशी.
घाम बघायचा तर तपासणीचं बटण दाबावं लागतं.
तिसऱ्या वर्षाची पोरं बारा मिनिटांत त्याला
वाचवतात किंवा वाचवत नाहीत,
तेराव्या मिनिटाला तो पुन्हा ताजातवाना
पुढच्या रोल नंबरसाठी.

ही केस मी लिहिली.
म्हणजे हिराजी मढवीकडून घेतली,
त्याला न विचारता.

कळव्याच्या कॅज्युअल्टीत माझा तिसरा आठवडा.
मी उदगीरची, खाडीचा वास तेव्हा मला
आजाराचाच वाटायचा.
हिराजी रबाळ्याच्या एका कंपनीत गेटवर होता.
रात्रपाळी संपवून डबा हातात घेऊनच आला,
म्हणाला, पोटान जलते. आन माजी दार दुकते, बाय.

दार?
मी हसले.
नर्सकडे बघून हसले, हे जास्त वाईट.
गेटवरचा माणूस, त्यात जागरण,
दुखणार तर दारच दुखणार त्याचं.
कागदावर लिहिलं आम्लपित्त,
गुलाबी औषधाची बाटली दिली.
तो बरं म्हणाला आणि डबा विसरून गेला.

माजी, म्हणाला होता तो.
दार असतं तर माजं म्हणाला असता.
एवढं व्याकरण मला चौथीत येत होतं.

इथे गाडीची गारी होते, झाडाचं झार,
आणि दाढेची दार.
हे मला त्याच्या मेव्हण्यानं शिकवलं,
तिसऱ्या दिवशी,
डबा न्यायला आला तेव्हा.

समितीपुढे मी त्याचं वाक्य होतं तसं ठेवलं.
सात जण होते, चहा होता, खारी होती.
मुलं राज्यभरातून येतात मॅडम, प्रमाण भाषा ठेवा.
म्हणून चौदा नंबर आता म्हणतो,
'वेदना खालच्या जबड्याकडे पसरत आहे.'
तेही विचारलं तरच. दोन गुण.
असं बोलणारा पेशंट
मला बावीस वर्षांत भेटलेला नाही.

परवा परीक्षा झाली. निकाल वर गेला
आणि रात्री मी नुसत्याच नोंदी चाळत बसले.
लॅबचा एसी ठिबकतो, खाली बादली लावलेली,
खिडकीत पारसिकच्या उतारावरचे दिवे.
रोल नंबर एकसष्ट. प्राप्ती भोईर, राहणार विटावा.
नाव, वय, जळजळ कधीपासून, सगळं रीतसर.
सहाव्या मिनिटाला तिनं टाइप केलं:
दार दुकते का काका?

प्रश्न समजला नाही. कृपया पुन्हा टाइप करा.

दार दुकते का?

प्रश्न समजला नाही.

मग एक्कावन्न सेकंद काहीच नाही.
ती काय करत होती त्या एक्कावन्न सेकंदांत,
याची नोंद यंत्र ठेवत नाही.
मग एकच शब्द, दाढ.
मग ईसीजी, अ‍ॅस्पिरिन, वरच्या डॉक्टरांना फोन.
चौदा नंबर वाचला.
अनावश्यक प्रश्न दोन. वजा एक गुण.

तो गुण मला परत देता आला नाही.
समानार्थी शब्दांची यादी उघडली:
जबडा, हनुवटी, दाढ.
खाली लिहिलं, दार.
समितीला विचारलं नाही.
बदल जतन करायचा का, असं यंत्रानं विचारलं,
दोनदा विचारलं.

मग विद्यार्थ्याच्या खुर्चीत बसले,
रोल नंबरच्या जागी शून्य टाकलं,
आणि पहिलाच प्रश्न टाइप केला.

त्यानं डोळे मिटले. उघडले.
'होय. डावीकडे. पहाटेपासून.'

उत्तर मीच लिहिलेलं, पूर्णविरामांसकट.
तरी दोनदा वाचलं.
घड्याळात अजून अकरा मिनिटं होती.
ईसीजी मागवला.