हातचा

साहित्याच्या लेहिस्टेबाई शाळेच्याच पायरीवर घसरल्या,
पाय प्लास्टरमध्ये, म्हणून नववीचा तास माझ्या गळ्यात.
मी गणिताची. तेवीस वर्षं अपूर्णांक सोडवते आहे
या हीउमा बेटावर, जिथे कडक हिवाळ्यात
समुद्रसुद्धा पूर्णांक होतो.

धड्याचं नाव: कवितेचं स्वरूप.
खाली चार व्याख्या, चौकटीत.
पहिली वाचली. खिडकीपाशी कुणीतरी जांभई दिली,
ती बाकाबाकावरून सरकत माझ्यापर्यंत आली.
दुसरी व्याख्या मी जांभईतच वाचली.

काउर म्हणाला, "सरळ सांगायला काय होतं यांना?"
मला आतून बरं वाटलं. मीही नववीत
हेच विचारलं होतं, आणि उत्तराची वाट न बघता
गणिताकडे निघून आले होते.

"बरं, तू सांग सरळ. आज शाळेत कसा आलास?"

"बाबांच्या गाडीतून. बर्फावरून."
(बाबा पलीकडच्या किनाऱ्यावर राहतात,
गेल्या ऑक्टोबरपासून. वर्गाला ठाऊक आहे.)
"पुढे?"
"पुढे काय? गोठलेल्या समुद्रावर पट्टा लावायचा नसतो.
गाडी खाली गेली तर बाहेर पडता आलं पाहिजे.
थांबायचं नसतं. पुढच्या गाडीच्या जवळ जायचं नसतं.
बाबांनी आधी माझा पट्टा काढला, मग स्वतःचा.
रेडिओ बंद केला. का, ते माहीत नाही.
पंचवीस किलोमीटर कुणी बोललं नाही.
किनारा लागला तेव्हा म्हणाले, आता लाव."

खडू हातात होताच. मी फळ्यावर उतरवलं,
शब्द त्याचेच, फक्त ओळी मोडून:

    आधी माझा पट्टा काढला,
    मग स्वतःचा.
    रेडिओ बंद केला.
    पंचवीस किलोमीटर कुणी बोललं नाही.
    किनारा लागला तेव्हा म्हणाले,
    आता लाव.

"का, ते माहीत नाही" मी गाळलं होतं.
लेलो म्हणाली, "बाई, ते हवं." घातलं.
"मग किलोमीटर काढा," मागून तानेल,
"आकडा आला की कळतं, हे संपणार आहे."
त्यावर जुंपली. मी अर्थातच आकड्याच्या बाजूने.
हात वर करून मतं घेतली.
आकडा राहिला, दोन मतांनी.

काउर फळ्याकडे बघत होता, जसं आपल्याच घराचं
दार कुणी उघडं टाकून गेलंय.
"ही कविता नाही," म्हणाला. "हे नुसतं घडलं."
"मग पुसू?"
तो बोलला नाही.
मी डस्टर उचललं. ठेवलं.

मुलांनो, मला व्याख्या येत नाही. बेरीज येते.
बेरजेत एकक लिहून आपण एक बाजूला धरतो,
बोटावर, नाहीतर ओठांत.
उत्तरात तो कुठे दिसत नाही
आणि धरायचा राहिला तर सगळंच चुकतं.
या सात ओळींत कुणीतरी हातचा धरलाय.
किती, ते मला मोजता येईना.

हे सगळं मी खरं तर मनात म्हणाले.
मोठ्याने म्हणाले ते एवढंच: उद्या वही आणा.

दुपारी वारा फिरला, तडा गेला,
बर्फावरचा रस्ता बंद झाल्याची सूचना आली.
काउरने ती फोनवर दोनदा वाचली.
लेहिस्टेबाईंनी विचारलं, धडा झाला का?
अर्धा, मी म्हटलं.

फळा पुसला नाही.
शेवटच्या तासाला दहावीची त्रिकोणमिती
खालच्या उरल्या जागेत मांडली,
बारीक अक्षरात.