'के'च्या पुढे

रात्री साडेआठला येतात माणसं
प्लास्टिकखालच्या टोमॅटोंतून,
काळपट हिरवी बोटं घेऊन. साबणानं जात नाही ते.
अल्मेरियातल्या एका गोदामावरची खोली,
फळ्याला एक पाय कमी,
आणि मी, ओब्दुलिया, पेट्या मोजून मोजून निवृत्त.
शिकवते, कारण दुसरं कुणी येत नाही.

आज म्हटलं, सोपं आहे.
'आर'वाल्या क्रियापदांनी 'ए' घ्यायचा,
'एर' आणि 'ईर'वाल्यांनी 'आ',
शेजारणींनी किल्ल्या बदलाव्यात तसं.
आब्ला, आब्ले. कोमे, कोमा.
मात्र दारात आधी 'के' उभा हवा,
आणि त्याच्याही आधी कुणीतरी
काही मागितलेलं हवं, नाहीतर भ्यायलेलं.
जे आहे त्याला हे रूप लागत नाही.

वाक्यं करा.
फ्लोरिका: मालकानं कागदावर सही करावी. फिर्मे. बरोबर.
झुबिदा: माझ्या मुलीनं इथे काम करू नये. त्राबाखे.
बरोबर, म्हटलं, आणि जरा खोकले.

असान मागच्या बाकावर.
त्याचा जुळा, उसेनू, चौदा महिन्यांपूर्वी
सेनेगलच्या वाळूवरून होडीत चढला.
ती होडी कुठल्याच बंदराच्या वहीत नाही.
असानच्या वहीत होतं:
एस्पेरो के उसेनू बिवे.
आशा आहे, उसेनू जगतो आहे.

मी लाल पेन उघडलं. 'बिवा' हवं इथे.
आशा आहे ना, मग 'आ'.
त्यानं तळहात ठेवला त्या शब्दावर.
"'आ' लावला,
की तो नसूही शकतो?"

व्याकरणाकडे दुसरं उत्तर नव्हतं.
शकतो, म्हटलं.
खाली शीतगृहाचं यंत्र सुरू झालं,
खिडकीची काच थरथरत राहिली.
त्याचा हात हलला नाही.

मग मी वाक्याच्या दुसऱ्या टोकाला गेले.
'एस्पेरो' खोडलं. वर लिहिलं: से.
मला ठाऊक आहे.
से के उसेनू बिवे.
आता यात एकही चूक नाही, असान.
त्यानं वही मिटली, नीट, दोन्ही हातांनी.

बाकीच्यांना घरून दहा क्रियापदं आणायला सांगितली.
परतताना, शेतांमधल्या रस्त्यावर,
दोन्ही बाजूंना प्लास्टिक फडफडत असताना,
ते खोडलेलं वाक्य मी एकटीनं म्हणून पाहिलं,
'आ' लावून.
जगो.